अर्धी सुई

"मधुमेह," डॉक्टर म्हणाल्या.

मास्तरांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे, आणि सगळ्यात शेवटी टेबलावर बसलेल्या बोक्याकडे.

"कुणाला?"

"बॉबिनला."

बॉबिन खिडकीबाहेर बघत होता. ही बातमी त्याला आधीच कुणीतरी दिली असावी आणि तिच्यावर विचार करून झाला असावा, असा त्याचा चेहरा होता. मास्तरांना मात्र काही केल्या उमगेना. जो प्राणी आयुष्यात कधी चहा प्यायला नाही, ज्याने साखरेच्या डब्याकडे ढुंकून पाहिलं नाही, त्याला मधुमेह? माणसांच्या रोगांवर आता मांजरांनीही हक्क सांगायला सुरुवात केली म्हणायची.

मास्तर म्हणजे कोट शिवणारे मास्तर. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. खिडकीपाशी शिलाई मशीन, मधोमध कापड बेतायचं लांबरुंद टेबल, आणि त्या टेबलावर, ज्या गिऱ्हाइकाचं काम चालू असेल त्याच्या कापडावर, वेटोळं करून पडलेला बॉबिन. मशीनमधल्या रिळासारखा गोल गुंडाळलेला असायचा, म्हणून ते नाव. तो पिल्लू असताना लेकीने त्याला रस्त्यावरून उचलून आणलं होतं. लेक सासरी गेली, बोका माहेरी राहिला, आणि मास्तरांची सगळी माया मुकाट्याने त्याच्याकडे वळली. हे ते कबूल करत नसत. "पडलेला असतो, राहू दे," एवढंच म्हणत आणि त्याची झोपमोड होऊ नये म्हणून कापड त्याच्या कडेकडेने कापत.

गेले काही दिवस बॉबिन पाण्याची वाटी चाटूनपुसून रिकामी करत होता आणि त्याची शी-शूची मातीची पेटी दिवसातून कितीदा बदलावी लागे याला धरबंध उरला नव्हता. खाणं राक्षसासारखं आणि अंग मात्र झिजत चाललेलं. म्हणून त्याला दवाखान्यात आणलं, तर हे निघालं.

डॉक्टर मास्तरांच्या लेकीच्या वयाच्या होत्या. त्यांनी शांतपणे सगळं समजावलं. सकाळ-संध्याकाळ आधी खाऊ घालायचं, खाल्लं की मानेमागची कातडी चिमटीत उचलून इन्सुलिनचं इंजेक्शन द्यायचं. बाटली गदागदा हलवायची नाही, हलकेच हातात फिरवायची. दिलं की नाही अशी शंका आली तर पुन्हा द्यायचं नाही. आणि बोका कधी झिंगल्यासारखा चालायला लागला तर साखर फार उतरली असं समजून हिरड्यांना मध चोळायचा आणि त्याला तडक इकडे घेऊन यायचं.

"आता एकदा सुई कशी टोचायची ते दाखवते," त्या म्हणाल्या.

मास्तर हसले. म्हणजे अगदी मनापासून, बऱ्याच दिवसांनी हसले.

"डॉक्टर, सुई तुम्ही मला दाखवणार?"

डॉक्टरांनी तरीही दाखवली. मास्तरीणबाई डोळे मोठे करून बघत होत्या. मास्तरही टक लावून बघत होते, पण ते डॉक्टरांच्या पांढऱ्या अंगरख्याच्या बाहीकडे. खांद्यापाशी शिलाई ओढली गेली होती आणि ती ज्याने कुणी बसवली होती त्याची मास्तरांना कीव येत होती. बाहीचं निदान पक्कं होईपर्यंत डॉक्टरांचं दाखवून झालं होतं.

घरी आल्यावर इंजेक्शन कोण देणार हा प्रश्न उद्भवलाच नाही. मास्तरीणबाईंनी भीतभीत विचारलं होतं, की मीही शिकून ठेवू का. त्यावर मास्तरांनी खुंटीकडे बोट दाखवलं. तिथे त्यांचा शर्ट लटकत होता. त्याचं वरचं बटण लावायला मास्तरीणबाईंनी कधीतरी घेतलं होतं आणि मध्येच दारावरची बेल वाजली म्हणून त्या उठल्या होत्या. सुई अजून कापडात अर्धी खुपसलेली होती.

मास्तरीणबाई वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करत. बाई गुणी, पण कुठलंही काम शेवटाला नेण्याची त्यांच्या हाताला सवय नव्हती. चहा अर्धा प्यायचा, खिडकी अर्धी पुसायची, फ्रीजचं दार अर्धं लावायचं. वाचनालयातल्या झाडून सगळ्या कादंबऱ्यांचा पहिला अर्धा भाग त्यांना तोंडपाठ होता. पुढे काय झालं असं कुणी विचारलं तर "झाले असतील सुखी" म्हणून मोकळ्या होत. त्यांच्या सुईपुढे तर मास्तरांनी कधीच हात टेकले होते.

"इतक्या वर्षांच्या संसारात तुझी एक तरी सुई पलीकडे गेलीय का?" मास्तर म्हणाले. "आणि तू इंजेक्शन देणार."

 मास्तरीणबाई रागावल्या असाव्यात, पण ते रागावणंही अर्ध्यावर सोडून त्या आत गेल्या.

पहिलं इंजेक्शन म्हणजे सोहळाच झाला. शेजारचे निवृत्त बसचालक, ज्यांना सगळे ड्रायव्हरसाहेब म्हणत, मुद्दाम बघायला आले. टेबलावर तेव्हा एका दंतवैद्यबाईंच्या कोटाचं जांभळं कापड होतं. दंतवैद्यबाई लवकरच निवृत्त होणार होत्या. सारा जन्म पांढऱ्या अंगरख्यात आणि औषधांच्या वासात गेला, आता मला असा कोट शिवून द्या की दवाखान्याची आठवणसुद्धा येता कामा नये, असं त्यांनी बजावून सांगितलं होतं. बॉबिन पोटभर खाऊन त्याच जांभळ्या कापडावर येऊन बसला. मास्तरांनी दोन बोटांत मानेमागची कातडी उचलली, जशी ते कापडाची चूण धरत, आणि सुई सर्रकन घातली. बोक्याने कानसुद्धा हलवला नाही.

"हात आहे की काय," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "त्याला कळलंदेखील नाही."

मास्तरांनी सुई टोपणात घातली. बोटाला किंचित ओल लागली होती, ती त्यांनी पाटलोणीला पुसली. संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशी तेच. बॉबिनचं एकदाही अंग शहारलं नाही, आणि मास्तर मनातल्या मनात स्वतःवर इतके खूश झाले, की आपण चुकून शिंपी झालो, आपलं खरं ठिकाण शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी होतं, असं त्यांना वाटू लागलं.

आठवड्याने डॉक्टरांनी साखर तपासली. ती जिथल्या तिथे होती.

"टोचताना काही अडचण येत नाही ना?" त्यांनी विचारलं.

मास्तरांचा चेहरा असा झाला, की डॉक्टरांनी हा प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही. औषधाची मात्रा वाढवून दिली आणि बॉबिन बाहेरचं काही खात नाही ना याकडे लक्ष ठेवायला सांगितलं.

आता पाणी कुठे मुरतंय हे शोधणं आलं. पहिला संशय स्वाभाविकपणे बायकोवर गेला. मास्तरांनी विचारलं, डब्यातलं खाणं किती दिलंस? अर्धं, त्या म्हणाल्या. उरलेलं अर्धं कुठे गेलं? ते त्यांना आठवेना. मास्तरांनी त्या दिवसापासून खाण्याचे डबे कपाटात ठेवून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. स्वयंपाकघरातली दुधाची पातेली उंच फळीवर गेली. मास्तरीणबाईंना स्वतःच्या चहात दूध घालायलाही स्टूल ओढावं लागे, त्यामुळे त्या आता अर्धा चहासुद्धा पिईनाशा झाल्या.

दुसरा संशय ड्रायव्हरसाहेबांवर. त्यांचा आणि मास्तरांचा सज्जा एकमेकांना लागून होता आणि बॉबिन दुपारी तिकडे जाऊन बसे. ड्रायव्हरसाहेब सज्जात बसून चहात बिस्किटं बुडवत, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. मास्तरांनी जमेल तेवढ्या गोड शब्दांत विषय काढला, पण शिंप्याच्या गोड बोलण्यातही टाचण्या असतातच. ड्रायव्हरसाहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"आयुष्यभर बस चालवली, कुणाला खरचटलंसुद्धा नाही," ते म्हणाले. "आणि आज माझ्यावर मांजराला बिस्किटं चारल्याचा आळ? अहो, मधुमेह मलाही आहे. सून झोपली की मी कसंबसं एखादं खातो. त्यातलं बोक्याला देईन होय?"

एवढं सांगून झाल्यावर आपण काय बोलून बसलो हे त्यांच्या ध्यानात आलं. सुनेला सांगू नका अशी तंबी देऊन त्यांनी दार लावून घेतलं आणि तेव्हापासून मास्तरांशी अबोला धरला.

तिसरा गुन्हेगार सापडला तेव्हा मात्र मास्तरांचं समाधान झालं. फ्रीजचं दार अर्धं उघडं होतं. औषध खराब झालं असणार, हे कुणालाही कळण्यासारखं होतं. मास्तरांनी बायकोला त्या दाराशी नेऊन उभं केलं, दार उघडून दाखवलं, लावून दाखवलं, आणि लावण्याचा आवाज कसा येतो तोही ऐकवला. नवी बाटली आणली. तरीही पुढच्या आठवड्यात साखर होती तिथेच होती, उलट बॉबिनची पाठ आता बोटांना टोचायला लागली होती. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि मात्रा आणखी वाढवली.

मास्तरांच्या डोक्याचा भुगा झाला. कोट अंगाला बसला नाही तर त्याची तीनच कारणं असतात हे ते जाणून होते. एक तर माप घेताना माणसाने पोट आत ओढलेलं असतं, नाहीतर कापड आटलेलं असतं, नाहीतर मधल्या काळात माणूस फुगलेला असतो. चौथं कारण कुठल्याही शिंप्याने कधी ऐकलेलं नाही. इथे खाणं बंदिस्त होतं, शेजारी निर्दोष होता, औषध ताजं होतं आणि हात तर मास्तरांचाच होता. मग चुकत काय होतं? रात्री जेवताना ते बॉबिनकडे बघत बसत. तो असा डोळ्यांदेखत विरत जाणार आणि आपण नुसती चिमूट धरून बघत राहणार, या विचारात त्यांचं ताट तसंच राही. लेकीचा फोन आला की ते "बरा आहे" म्हणत आणि फोन बायकोकडे देत.

याच गोंधळात जांभळा कोट तयार होऊन दंतवैद्यबाईंकडे गेला होता. त्यांचा सकाळीच फोन आला.

"मास्तर, तुम्ही माझी चेष्टा करताय का?"

मास्तरांना काही कळेना. बाह्या? कॉलर? बाई म्हणाल्या, शिलाई उत्तम आहे, बसलाही छान आहे. पण कोटाला दवाखान्याचा वास येतोय. निवृत्तीचा समारंभ जवळ आलाय आणि अंगात कोट घातला, की आता पुढचा पेशंट बोलवा असं तोंडात येतंय. ताबडतोब येऊन बघा.

आता आली का पंचाईत. बॉबिनने त्या दिवशी सकाळी खाण्याला तोंडच लावलं नव्हतं आणि खाल्ल्याशिवाय इंजेक्शन देता येत नव्हतं. मास्तर त्याच्यापुढे वाटी सरकवून, तिच्यावर बोटाने टिचक्या मारून, शेवटी स्वतः मिटक्या मारूनसुद्धा थकले. बाईंचा पुन्हा फोन आला तेव्हा त्यांनी कपाटाची किल्ली बायकोच्या हातात ठेवली.

"खाल्लं तर खाऊ दे. सुईला मात्र हात लावू नकोस. मी आलोच."

दंतवैद्यबाईंचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथे पोचल्यावर बाईंनी कोट अंगात घातला, पाठ केली आणि "घ्या वास" म्हणाल्या. परक्या बाईच्या पाठीचा वास घ्यायची वेळ मास्तरांवर आजवर आली नव्हती. त्यांनी हात मागे बांधून, जमेल तितकं अंतर ठेवून नाक पुढे केलं. वास येत होता. सगळीकडे नाही, पाठीच्या मध्यावर, एकाच जागी, पण अगदी चोख दवाखान्याचा. मास्तर गोंधळून कोटाकडे बघत राहिले. वास तुमच्याच घरातला असेल, असं सुचवून पाहिलं, तर बाईंनी त्यांना सगळ्या खोल्यांतून फिरवून आणलं. मग चहा झाला, मग वास कसा काढायचा यावर चर्चा झाली, आणि कोट काखेत मारून मास्तर घरी पोचले तेव्हा दुपार झाली होती.

"खाल्लं त्याने," मास्तरीणबाई दारातच म्हणाल्या. "सगळं खाल्लं. आणि तुम्ही येईनात, वेळ टळायला लागली. म्हणून मीच दिलं."

"दिलंस?"

"दिलं. म्हणजे हात फार कापत होता हो. थोडीशीच टोचली, पुढे ढकलवेना. तो ओरडलासुद्धा. पण औषध गेलं सगळं."

"म्हणजे तेही अर्धवट," मास्तर म्हणाले, आणि तेवढ्यात बॉबिन टेबलावरून उतरला.

उतरला म्हणजे घरंगळला. उठला, चार पावलं सरळ जायला निघाला आणि तिरपा जाऊन मशीनच्या पायावर आदळला. मग त्याने मशीनकडे ओळख नसल्यासारखं पाहिलं, पुन्हा एक पाऊल टाकलं आणि आडवा झाला. डोळे उघडे होते, पण त्यांत बॉबिन नव्हता.

 मास्तर नुसते "अगं, अगं" करत राहिले. मध आठवला तो मास्तरीणबाईंना. स्टुलावर चढून त्यांनी फळीवरची मधाची बाटली काढली आणि बोट बुडवून बोक्याच्या हिरड्यांना चोळू लागल्या. मास्तरांनी हातात होता त्याच कोटात बॉबिनला गुंडाळलं आणि शेजारचं दार वाजवलं.

"साहेब, गाडी काढा."

"मी तुमच्याशी बोलत नाही," आतून आवाज आला.

"बोलू नका, नुसती चालवा. बॉबिन जातोय."

दार उघडलं. ड्रायव्हरसाहेब बनियनवर होते, तसेच निघाले. गाडी त्यांनी सुसाट सोडली, फक्त वाटेतल्या प्रत्येक बसथांब्यापाशी त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जाई आणि गाडी हळू होई. थांब्यावरची माणसं दोन पावलं पुढे येत, आणि साहेब "सॉरी, सॉरी" म्हणत पुन्हा वेग घेत.

मागच्या सीटवर मास्तरीणबाई मध चोळत होत्या. मास्तर भ्यायले होते आणि भ्यायलेला माणूस जवळच्याच माणसाला ओरबाडतो.

"इतके दिवस मी टोचतोय," ते म्हणाले, "माझ्या हातून त्याला कधी काही झालं नाही. आणि तू एकदा हात लावलास तर हे."

मास्तरीणबाईंनी मान वर केली नाही. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि बोट बोक्याच्या हिरड्यांवरून फिरत होतं. शब्द तोंडातून गेल्याबरोबर मास्तरांना ते परत घ्यावेसे वाटले. पण शिवण उसवायला वेळ लागतो, आणि त्यांना तर ती सवयही नव्हती.

डॉक्टरांनी बॉबिनला तसंच आत नेलं. साखर तळाला गेली होती. त्यांनी सुईवाटे साखरेचं पाणी चढवलं आणि तिघांना बाकावर बसायला सांगितलं. ड्रायव्हरसाहेबांनी अबोला विसरून मास्तरांचा गुडघा थोपटला. बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आल्या.

"शुद्धीवर आला. मध वेळेवर लावलात म्हणून वाचला. आत्ता मिशा चाटतोय."

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा डॉक्टर तो जांभळा कोट नाकाशी धरून उभ्या होत्या.

"या कोटाला इन्सुलिनचा वास कसा?"

मास्तरांनी दंतवैद्यबाईंची सगळी कहाणी सांगितली. बोलता बोलता बॉबिन रोज त्या कापडावर बसायचा हेही सांगितलं. डॉक्टर ऐकत होत्या, पण त्यांचं लक्ष मास्तरांच्या बोटांकडे होतं. मग त्यांनी एक टॉवेल आणला, सिरिंजमध्ये साधं पाणी भरलं आणि ती मास्तरांच्या हातात दिली.

"घरी देता तसं देऊन दाखवा."

ड्रायव्हरसाहेबांनी टॉवेल दोन्ही हातांवर पसरून धरला. मास्तरांनी चूण धरली. इतकी सुबक, की डॉक्टर क्षणभर बघतच राहिल्या. सुई गेली, दट्ट्या दाबला गेला, सुई बाहेर आली. मास्तरांनी सवयीने कौतुकासाठी मान वर केली.

"माझ्या हातावर पाणी आलं," ड्रायव्हरसाहेब म्हणाले.

"कुठून?"

"ते तुम्हीच सांगा. या अंगाने तुम्ही घातलंत आणि त्या अंगाने माझ्या मनगटावर आलं."

डॉक्टरांनी पुन्हा करायला सांगितलं. पुन्हा मनगट भिजलं. या वेळी हळू करा, अर्ध्यात थांबा, त्या म्हणाल्या. मास्तरांनी दातओठ खाऊन हळू केलं, पण चुणीत शिरलेली सुई पलीकडे काढायची नाही हे त्यांच्या डोक्याला पटत होतं, बोटांना पटत नव्हतं. साऱ्या जन्मात त्या बोटांनी एकही टाका अर्धवट सोडलेला नव्हता. सुई या बाजूने आत आणि त्या बाजूने बाहेर, यालाच तर शिवणं म्हणतात. बॉबिनला त्यांनी इतके दिवस रोज सकाळ-संध्याकाळ एकेक टाका घातला होता, बिनदोऱ्याचा. औषध सगळं कोट प्यायला होता.

"आता तुम्ही," डॉक्टर मास्तरीणबाईंना म्हणाल्या.

 त्यांच्या हातात चूण वाकडीतिकडी आली. सुई टेकवली, थोडी आत गेली आणि थांबली. त्यांनी दट्ट्या दाबला. ड्रायव्हरसाहेबांनी मनगट उलटसुलट करून पाहिलं. कोरडं होतं.

"मला पुढे नेववतच नाही हो," मास्तरीणबाई ओशाळून म्हणाल्या. "मी नेहमी इथेच थांबते."

"इथेच थांबायचं असतं," डॉक्टर म्हणाल्या. "अर्धी सुई आत, आणि बस्स."

 मग डॉक्टरांनी समजावलं, की आजवर औषध अंगात गेलंच नव्हतं, म्हणून आम्ही मात्रा वाढवत गेलो, आणि आज पहिल्यांदा ते नीट गेलं, तर एवढी मोठी मात्रा त्याला कशी सोसणार. चूक माझीही आहे, त्या म्हणाल्या, पहिल्याच दिवशी तुमच्याकडून करून घ्यायला हवं होतं. आता काही दिवस बॉबिन इथे राहील, मग पुन्हा अगदी थोड्या मात्रेपासून सुरुवात करू. आणि इंजेक्शन देतील त्या मास्तरीणबाई.

परतताना मास्तर मागच्या सीटवर बायकोशेजारी बसले.  दोन बसथांबे हळूहळू मागे गेले.

"मघाशी बोललो ते चुकलं माझं," ते शेवटी म्हणाले. "तुझ्या हातून पहिल्यांदा औषध गेलं, आणि मी तुलाच..."

पुढचं वाक्य त्यांना जमेना.

"राहू द्या अर्धंच," मास्तरीणबाई म्हणाल्या. "कळलं मला."

बॉबिन घरी आला तो अंगाने थोडा भरून आणि स्वभावाने जास्तच बिघडून. आता इंजेक्शनच्या वेळी तो ओरडतो, कारण आता त्याला खरोखर टोचतं. मास्तर त्याला धरून बसतात आणि प्रत्येक ओरडण्याला त्यांना आधी वाईट वाटतं आणि मग बरं वाटतं. पाण्याची वाटी संध्याकाळपर्यंत अर्धी भरलेली राहते. ती बघायला मास्तर दिवसातून कितीदा तरी उठतात.

कोट त्यांनी वाफेवर धरला, उन्हात घातला, सज्जात वाऱ्यावर टांगला. दवाखान्याचा वास गेला. दंतवैद्यबाई स्वतः न्यायला आल्या, कोट अंगात घालून आरशापुढे उभ्या राहिल्या आणि नाक वर करून हुंगू लागल्या.

"मास्तर, आता याला मधाचा वास येतोय."

मास्तर त त प प करू लागले. बाईंनी पुन्हा एकदा वास घेतला आणि त्या हसल्या. सारा जन्म लोकांना गोड खाऊ नका म्हणून सांगण्यात गेला, त्या म्हणाल्या, निवृत्तीच्या दिवशी मीच गोड वासाची जाईन, जाऊ दे. पैसे देताना मात्र त्यांची नजर मास्तरांच्या शर्टावर गेली. वरचं बटण एका दोऱ्यावर लोंबकळत होतं.

"हे काय, शिंप्याच्याच शर्टाचं बटण अर्धवट?"

मास्तरांचा हात सवयीने टेबलावरच्या सुईकडे गेला. टेबलावर नव्या गिऱ्हाइकाच्या कापडावर बॉबिन वेटोळं करून झोपला होता. त्याची पाठ संथपणे वरखाली होत होती. मास्तरांनी हात मागे घेतला.

"असू द्या," ते म्हणाले. "ते बायकोने लावलंय."